वजनाचे ऑपरेशन आणि त्यानंतरची वर्षे



गावच्या व्याख्यानमालेत इतिहास असतो, संतसाहित्य असते, शेती असते. आपल्या इंदुरीत तर सरसेनापती दाभाड्यांच्या गढीवर किंवा समोरच्या भंडारा डोंगरावर बोलायला उभे राहिले तर रात्र पुरणार नाही. असे असताना वजन कमी करण्याच्या ऑपरेशनवर का बोलायचे? कारण हा विषय आता मुंबईच्या श्रीमंत वस्त्यांपुरता राहिलेला नाही. तळेगाव-चाकण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने आले, पाळीची नोकरी आली, भातखाचरातले काम सुटले आणि बसून करायचे काम वाढले. कमरेचा घेर वाढला, मागोमाग शुगर आली, बीपी आले, गुडघे आले. त्या सगळ्यावर ‘तीन दिवसांत घरी, महिनाभरात कामावर’ असे सांगणारे उपायही आले. माणसाला अशा वेळी पहिला प्रश्न पडतो तो असा : धोका किती आहे हो? प्रश्न रास्त आहे. पण माझे आज एवढेच म्हणणे आहे की हा प्रश्न अर्धाच आहे. धोका किती, याच्याबरोबर धोका कधी येतो आणि तो आला तेव्हा माणूस कुठे असतो, हे विचारल्याशिवाय उत्तर हाती लागत नाही. त्या उत्तरात ऑपरेशनच्या टेबलाचा वाटा लहान आहे. मोठा वाटा घराचा आहे, गावाचा आहे आणि पुढच्या वीस वर्षांचा आहे.

आधी ऑपरेशन म्हणजे काय करतात ते पाहू. आपल्याकडे सर्वांत जास्त होते ते स्लीव्ह. यात दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. काढलेला भाग परत जोडता येत नाही, हे इथेच लक्षात घ्या. दुसरा प्रकार बायपासचा. यात जठराचा अगदी लहान कप्पा वेगळा करून तो खालच्या आतड्याला जोडतात; अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढे जाते. लोकांना वाटते की पोट लहान केले, माणूस कमी जेवला, वजन उतरले, संपले. तेवढेच नसते. जठर आणि आतडे ही भुकेची आणि साखरेची सूत्रे हलवणारी इंद्रिये आहेत. त्यांच्यातून निघणारी संप्रेरके बदलतात, भूक स्वतःच कमी होते, आणि पुष्कळांची रक्तातली साखर वजन फारसे उतरण्याच्या आधीच खाली येते. म्हणजे या ऑपरेशनने शरीराचा पचनाचा आणि भुकेचा कारभार बदलतो. जो कारभार बदलला तो कायमचा बदलला. म्हणून जबाबदारीही कायमची.

या ऑपरेशनचा इतिहास हेच सांगतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा बहुतेक भागच अन्नाच्या वाटेतून वगळण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन झपाट्याने उतरले, सगळ्यांना आनंद झाला. काही वर्षांनी त्याच रुग्णांचे यकृत निकामी होऊ लागले, मूत्रपिंडात खडे होऊ लागले, जीवनसत्त्वांची तीव्र कमतरता दिसू लागली. अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६मध्ये आयोवा विद्यापीठातले शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास सुरू केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन वाढत नाही, हे निरीक्षण त्यामागे होते. पुढे जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत आली, २००१नंतर अमेरिकेत फार गाजली, आणि नंतर त्यातले कितीतरी पट्टे पुन्हा ऑपरेशन करून काढावे लागले. आजची स्लीव्ह आधी फार जोखमीच्या रुग्णांसाठी मोठ्या ऑपरेशनची पहिली पायरी म्हणून केली जायची. सोपी वाटली, निकाल चांगले आले, म्हणून ती स्वतंत्र ऑपरेशन झाली. तिच्यानंतर काही जणांना वर्षानुवर्षे घशाशी आंबट येणे, छातीत जळजळ होणे हा त्रास राहतो, हे कळायला वेळ गेला. प्रत्येक पिढीत गोष्ट तीच घडली. वजन उतरलेले लगेच दिसले. धोका उशिरा दिसला.

आता टेबलावरचा धोका. यात लपवण्यासारखे काही नाही आणि भीती घालण्यासारखेही नाही. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांच्या समूहाने ४,७७६ रुग्णांचा पाठपुरावा करून २००९मध्ये निकाल प्रसिद्ध केले. पहिल्या तीस दिवसांत मृत्यू झाले दर हजारी सुमारे तीन. मृत्यू, रक्ताची गुठळी, पुन्हा शस्त्रक्रिया किंवा महिनाभर रुग्णालयातून सुटका न होणे, असे काहीतरी गंभीर घडले ते शंभरात साधारण चार जणांना. हजारात तीन हा आकडा मोठा म्हणायचा की लहान? निरोगी माणसाने हौसेखातर हा धोका घ्यायचा म्हटले तर फार मोठा. ज्याचे वजन १४० किलो आहे, ज्याला रात्री झोपेत श्वास अडकतो, ज्याची शुगर इन्सुलिननेही आवरत नाही, त्याच्यासाठी तो लहान असू शकतो. धोका नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. एकटा आकडा काहीच सांगत नाही.

पण त्या तीस दिवसांतला फार मोठा भाग रुग्णालयाबाहेर जातो, हे कितीजण लक्षात घेतात? रुग्णाला साधारण दोन-चार दिवसांत घरी सोडतात. जठराला मारलेल्या पिनांच्या रेषेतून गळती होते ती अनेकदा पाचव्या, सातव्या, दहाव्या दिवशी उघड होते. पायातल्या शिरेत धरलेली गुठळी सुटून फुफ्फुसात जाते तीही घरी आल्यानंतर. म्हणजे हे घडेल तेव्हा माणूस पुण्याच्या रुग्णालयात नसेल, इंदुरीत असेल. जावळीत असेल, वडगावात असेल, पवन मावळातल्या एखाद्या वाडीत असेल. त्याच्याजवळ सर्जन नसेल. बायको असेल, मुलगा असेल, आई असेल. म्हणून त्यांना काही गोष्टी माहीत असायलाच हव्यात. नाडी एकसारखी जलद चालणे, मिनिटाला शंभर-सव्वाशेच्या पुढे राहणे. ताप. वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात उठणारी कळ. दम लागणे. एका पोटरीला सूज आणि दुखणे. यातले काहीही दिसले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओव्याचे पाणी देत बसायचे नाही, ‘सकाळी बघू’ म्हणायचे नाही. लठ्ठ माणसाचे पोट बाहेरून दाबून आतली गळती कळत नाही. अनुभवी डॉक्टरही इथे फसतो. वाढलेली नाडी हाच पुष्कळदा पहिला निरोप असतो. ऑपरेशनपूर्वीच विचारायला हवे की रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल आणि रुग्णाला कुठे आणायचे. तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी गाड्या कशा तुंबतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तो रस्ताही या ऑपरेशनच्या धोक्याचा भाग आहे.

यापुढची गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण ती कमी लोकांना माहीत आहे आणि ती टाळता येण्याजोगी आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत काहींना सारख्या उलट्या होतात. घाईने खाल्ले, नीट चावले नाही, नळी एका जागी आवळली गेली, कारणे अनेक असतात. आधीच खाणे अगदी थोडे, त्यात ते उलटून पडते. शरीरात ब-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा फार लहान असतो; तो काही आठवड्यांत संपतो. असा माणूस अशक्त झाला की आपण काय करतो? गावातल्या दवाखान्यात नेतो आणि सलाईन लावतो. त्या बाटलीत ग्लुकोज असेल आणि त्याआधी थायमिन दिलेले नसेल, तर उरलासुरला साठा ते ग्लुकोज जाळण्यात खर्च होतो आणि मेंदूला इजा होते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागते, चालताना तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. वेळेत ओळखले नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. उपाय काय? ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन. स्वस्त औषध आहे. फक्त ते द्यायचे असते हे माहीत हवे, आणि समोरच्या रुग्णाचे असे ऑपरेशन झाले आहे हेही कळायला हवे. इथे सर्जनचा हात कितीही सफाईदार असला तरी उपयोग होत नाही. इथे गावच्या डॉक्टरची माहिती आणि घरच्यांनी मोकळेपणाने सांगणे, या दोनच गोष्टी माणसाला वाचवतात. आणि आपल्याकडे हे ऑपरेशन लपवतात! नातेवाइकांपासून लपवतात, शेजाऱ्यांपासून लपवतात, ते एक वेळ समजू शकते. दवाखान्यात लपवणे जिवावर बेतू शकते.

पित्ताशयातल्या खड्यांबद्दल एक वाक्य पुरे : वजन झपाट्याने उतरले की ते पुष्कळांना होतात, म्हणून काही महिने गोळ्या देतात, आणि त्या मध्येच सोडायच्या नसतात.

आता वर्षांचा हिशेब. आणि इथे आपल्या मातीचा, आपल्या ताटाचा प्रश्न येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गेली अनेक दशके मधुमेहावर आणि पोषणावर काम केले आहे. त्यांच्या गटाने २००६मध्ये पुणे शहर, झोपडपट्टी आणि खेडी मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्के लोकांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. दर तीन जणांत दोन! हे लोक आजारी म्हणून आलेले नव्हते, त्यांच्यावर कुठलेही ऑपरेशन झालेले नव्हते. ब-१२ मिळते ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून. ते शोषले जाण्यासाठी जठराची मदत लागते. आता विचार करा. आपण देहूच्या शेजारी राहतो. माळकऱ्यांची घरे इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, आणि त्यांच्या आहारनिष्ठेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण अशा घरातला माणूस ऑपरेशनला जातो तेव्हा तो ब-१२ची तूट घेऊनच जातो, आणि ऑपरेशन त्याची शोषून घेण्याची उरलेली सोयही कमी करते. काही वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, पायाखाली जमीन नीट लागत नाही, विसरभोळेपणा येतो, आणि घरचे म्हणतात वय झाले. पाश्चात्त्य पुस्तकातला धोक्याचा आकडा मांसाहारी माणसाच्या शरीरावर काढलेला आहे. तो जसाच्या तसा इथे लावता येत नाही.

तीच गोष्ट प्रथिनांची. ऑपरेशननंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत असे सांगतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. वाटीभर आमटीत त्याहून कमीच. पोटात मावतात चार घास, आणि त्या चार घासांत आपण काय घालतो? इंद्रायणीचा मऊ भात. तो चिकट भात या नळीत अडकतो, आणि जे उतरते त्यात प्रथिने नगण्य. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात. काटा खाली येतो, माणूस खूश होतो, पण उतरलेल्या किलोंमध्ये मांडीचे आणि दंडाचे बळही गेलेले असते. मग जिना चढवत नाही, पायऱ्यांवर धाप लागते. काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. मूग, मटकी, ताक, दही, पनीर, आणि ज्यांना चालते त्यांना अंडी, मासे हे ताटात आधी आणि भात-पोळी शेवटी, असा उलटा क्रम आयुष्यभर पाळावा लागतो. आणि पंगतीतला आग्रह? ‘एवढ्यानं काय होतंय, घ्या अजून एक’ म्हणणाऱ्याचे प्रेम खरे असते, पण या माणसाच्या बाबतीत तो आग्रह आवरायला सगळ्या भावकीने शिकले पाहिजे.

बायकांच्या बाबतीत हे सगळे दुपटीने खरे आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. ऑपरेशननंतर लोह कमी शोषले जाते. ज्या बाईची पाळी चालू आहे तिची तूट दर महिन्याला वाढते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ब-१२ यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर, आणि रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी वारंवार, नंतर वर्षातून एकदा तरी. तिच्यासाठी हा खर्च दहाव्या वर्षीही घरातून निघेल का? ज्या घरात बाई शेवटी जेवते त्या घरात तिच्या गोळ्याही यादीत शेवटी येतात, हे आपण सगळे जाणतो. आणखी एक गोष्ट तरुण मुलींच्या आयांसाठी. लग्न जमत नाही म्हणून मुलीला या ऑपरेशनला उभी करू नका. वजन उतरताना पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते, कारण त्या काळात शरीर स्वतःलाच पुरत नाही, बाळाला कुठून देणार? त्यात बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, दुसरे साधन वापरावे लागते. लग्नाआधी केलेले ऑपरेशन आणि लग्नानंतर लगेच बाळाची घाई, ही आपल्याकडची अगदी नेहमीची जोडी वैद्यकीयदृष्ट्या घातक आहे.

तंबाखू, मिसरी, बिडी यांबद्दलही स्पष्टच बोलतो. बायपासच्या जोडावर जखम होते ती धूम्रपानाने आणि अंगदुखीच्या गोळ्यांनी. गुडघा दुखला की मेडिकलमधून ‘पेनकिलर’ आणून घेणे ही सवय या माणसाला सोडावी लागते. दारूचे गणितही बदलते : पूर्वी जेवढ्याने काही होत नसे तेवढ्याच दारूने रक्तातले प्रमाण झपाट्याने चढते. अमेरिकेत २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दारूच्या विकाराचे प्रमाण ऑपरेशनपूर्वीच्या ७.६ टक्क्यांवरून दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलेले दिसले. गोष्ट फक्त पोटाची नाही, मनाची आहे. युटा राज्यातल्या २००७च्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या ७,९२५ लोकांची तेवढ्याच लठ्ठ लोकांशी तुलना केली. मधुमेहाने होणारे मृत्यू ९२ टक्क्यांनी घटले, एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी घटले. केवढे मोठे यश! पण त्याच अभ्यासात आजाराखेरीजच्या कारणांनी, म्हणजे अपघात, आत्महत्या वगैरेंनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त आढळले. ज्याने वर्षानुवर्षे आपल्या सगळ्या दुःखाचे कारण वजनात पाहिले, त्याचे वजन उतरते आणि दुःख तसेच राहते, तेव्हा त्याच्याशी बोलायला कोणीतरी लागते. ऑपरेशनपूर्वी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात ते वेडा ठरवायला नव्हे, यासाठी.

मुंबईतल्या एका घटनेकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी इजिप्तमधून इमान अहमद ही स्त्री मालवाहू विमानाने मुंबईला आली. वजन सुमारे ५०० किलो, जगातली सर्वांत वजनदार स्त्री असे तिचे वर्णन झाले. तिला पूर्वी पक्षाघात होऊन गेला होता, हृदय आणि मूत्रपिंडे दुबळी होती, कित्येक वर्षे ती घराबाहेर पडलेली नव्हती. सैफी रुग्णालयात ७ मार्चला डॉ. मुफ्फजल लकडावाला यांच्या चमूने तिची स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. वर्तमानपत्रांतून रोज किती किलो उतरले याचे आकडे येत राहिले. काही आठवड्यांत वजन निम्म्याहून खाली आल्याचे सांगितले गेले. मग तिच्या बहिणीने प्रकृतीबद्दल जाहीर तक्रार केली, रुग्णालयाने ती फेटाळली, वाद झाला आणि ४ मे रोजी तिला अबू धाबीला हलवण्यात आले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिथे तिचे निधन झाले. हृदय आणि मूत्रपिंडांचे आधीचे विकार हे कारण सांगितले गेले. तिचे वय होते ३७. या घटनेत कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा इथून करता येणार नाही आणि करूही नये. मला त्यातले एवढेच दिसते की सारा देश काट्याकडे पाहत होता. रुग्णालय किलो मोजत होते, बहीण तिचे बोलणे आणि हालचाल मोजत होती. दोघे एकाच रुग्णाबद्दल बोलत होते आणि ‘बरे होणे’ म्हणजे काय यावर त्यांचे आधी एकमत झालेले नव्हते. आपल्या साध्या घरांतही नेमके हेच घडते. ऑपरेशन कशासाठी? शुगरसाठी, झोपेतल्या श्वासासाठी, गुडघ्यांसाठी, की फोटोसाठी? हे आधी ठरले नाही तर नंतर यश कोणते आणि अपयश कोणते हेही ठरत नाही.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, एवढे सगळे धोके असतील तर हे ऑपरेशन करूच नये. मला हे मान्य नाही. स्वीडनमध्ये १९८७पासून एक अभ्यास चालू आहे : २,०१० जणांवर ऑपरेशन झाले, तशाच २,०३७ जणांवर नेहमीचे उपचार. साधारण अकरा वर्षांनी ऑपरेशनवाल्यांतले १०१ लोक वारले होते, दुसऱ्या गटातले १२९. म्हणजे शंभरात पाच आणि शंभरात सहाहून थोडे जास्त. फरक खरा आहे आणि तो ऑपरेशनच्या बाजूने आहे. तो चमत्काराएवढा नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. तीव्र लठ्ठपणा स्वतःच माणसाला मारतो, हळूहळू आणि घरातच मारतो. ऑपरेशन न करण्यालाही धोका असतो; तो कुठल्या संमतिपत्रावर छापलेला नसतो, एवढेच.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे आळसाचे लाड आहेत, योग करा, व्यायाम करा. लोणावळ्याला १९२४पासून कैवल्यधाम आहे, मावळात तालमींची परंपरा आहे. व्यायामाचे मोल या तालुक्याला सांगायला नको. ज्याचे वजन दहा-पंधरा किलो जास्त आहे त्याने ऑपरेशनचा विचारही मनात आणू नये, चालावे, ताट बदलावे. पण ज्याचे वजन साठ किलो जास्त आहे त्याचे शरीर वजन उतरू लागताच भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च कमी करते. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे, आणि त्या टोमण्यांपायीच माणसे घाईने, चोरून, चौकशी न करता टेबलावर जातात. तिसरा आक्षेप नव्या इंजेक्शनांचा. २०२५मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले. ऑपरेशन कालबाह्य झाले का? नाही. ही औषधे चांगली आहेत, काहींना ऑपरेशनपासून वाचवतीलही. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचे दिसले आहे. म्हणजे तिथेही आयुष्यभराचा प्रश्न आहेच. आणि चौथा, नितीन गडकरी यांनी २०११मध्ये करून घेतले, त्यांना काही झाले का? नाही झाले, आनंद आहे. अरुण जेटली यांनी २०१४मध्ये करून घेतले, त्यांना त्यानंतर पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. दोन्ही उदाहरणांवरून तुमच्या शरीराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शिवाय नेत्याच्या पाठीशी चोवीस तास डॉक्टर असतात. तुमच्या पाठीशी कोण आहे?

मग ऑपरेशन कोणी करावे? इथेही आकडे आंधळेपणाने वापरू नयेत. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे ऑपरेशनचा निकष पाश्चात्त्यांपेक्षा खाली ठेवतात : बरीच वर्षे ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५ ही मर्यादा वापरली गेली. २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ती २७.५पर्यंत आणली. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईसाठी २७.५ म्हणजे सुमारे ७० किलो, ३२.५ म्हणजे ८३ किलो. विमा मात्र साधारणपणे ४०, किंवा गंभीर आजार असल्यास ३५, याच निकषावर पैसे देतो. म्हणजे तीच बाई १०२ किंवा ९० किलोची होईपर्यंत नाही. एका टोकाला विम्याची ही ताठर रेघ, दुसऱ्या टोकाला ७० किलोच्या बाईलाही ‘तुम्ही बसता’ म्हणणारा बाजार. मर्यादा खाली आली ती मधुमेह आटोक्यात न येणाऱ्या रुग्णांचा विचार करून. ती साडीत बारीक दिसण्यासाठी आलेली नाही. पोटाची चरबी नळीने ओढून काढणे हे तर निराळेच काम आहे. त्याने ना शुगर सुधारते ना आयुष्य वाढते, आणि दोन्हींची सरमिसळ करणाऱ्या जाहिरातीपासून दूर राहावे.

ज्याला जायचे आहे त्याने सर्जनला काही गोष्टी तोंडावर विचाराव्यात, संकोच न करता. तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशने केलीत? गळती झाली तर ती इथेच सांभाळाल की दुसरीकडे पाठवाल? आहारतज्ज्ञ तुमच्याकडे आहे का, आणि तो शाकाहारी ताट समजतो का? पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन केलेल्यांपैकी किती जण अजून तपासणीला येतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बारकाईने ऐका, कारण ज्यांचा पाठपुरावा तुटला त्यांचे काय झाले हे कोणालाच कळत नाही. खर्चाचा कागद मागाल तेव्हा त्यावर आयुष्यभराच्या गोळ्या, तपासण्या आणि पुण्याच्या फेऱ्याही लिहून मागा. ऑपरेशनआधीच ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व तपासून तूट भरून घ्या. तंबाखू आधी सोडा.

आणि गावाकडून एक अपेक्षा. इंदुरीतल्या आणि आसपासच्या डॉक्टरांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांनी आणि आशाताईंनी आपल्या भागात कोणाचे हे ऑपरेशन झाले आहे याची नोंद ठेवावी. रुग्णाने पाकिटात एक कागद बाळगावा : कोणते ऑपरेशन, कोणत्या तारखेला, कोणत्या रुग्णालयात, फोन कोणाला करायचा, अंगदुखीच्या कोणत्या गोळ्या द्यायच्या नाहीत, आणि उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावे. तो कागद घरातल्या दोघांना तरी वाचून दाखवलेला असावा, कारण ज्या वेळी त्याची गरज लागेल त्या वेळी रुग्ण स्वतः बोलण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.